तारागोनाचे पाच दिवस: थर, भात आणि आई-बाबा

बार्सिलोना आम्ही चौघांनी तीन वर्षांपूर्वी केलं होतं, त्यामुळे यंदा आई-बाबा उन्हाळ्यात आमच्याकडे श्टुटगार्टला आले तेव्हा पुन्हा त्याच रांगा आणि तीच गर्दी नको हे माझं पक्कं होतं. बाबा ७१ चे, आईचे गुडघे कुरकुरणारे, मुक्ता १२ ची, ओम ८ चा, म्हणजे सहा जणांत एकाचीही आवड दुसऱ्याशी जुळत नाही. मग नकाशा बघता बघता बार्सिलोनापासून खाली शंभरेक किलोमीटरवरचं तारागोना दिसलं. रोमन अवशेष आहेत, समुद्र आहे, मुलांसाठी पोर्टअव्हेंचुरा हे राइड्सचं पार्क हाकेच्या अंतरावर, आणि गाडीने तासभर खाली गेलं की एब्रो नदीचा डेल्टा, जिथे चक्क भातशेती आहे. भातशेती म्हटल्यावर आईने कान टवकारले. तिचं माहेर पेणजवळ, खारेपाटातलं. आणि माझ्या नवऱ्याने, निखिलने, सहज कॅलेंडर बघितलं तर १९ ऑगस्टला तारागोनात सांत माजीचा उत्सव, त्यात माणसांचे मनोरे लावतात. ते ऐकून बाबा काही बोलले नाहीत पण दुसऱ्या दिवशी विचारलं, तिकिटं काढली का.

दिवस पहिला, १६ ऑगस्ट, शनिवार

बार्सिलोनाला उतरून किनाऱ्याने जाणारी ट्रेन पकडली. दक्षिणेकडे जाताना डाव्या बाजूला बसा, काही ठिकाणी रूळ समुद्राच्या इतके जवळ आहेत की ओम खिडकीला नाक लावून बसला तो उठलाच नाही. तारागोनाचं स्टेशन खाली समुद्राशी आणि गाव वर टेकाडावर, नकाशात हे अजिबात कळत नाही. सामान आणि आईचे गुडघे बघून सरळ टॅक्सी केली. तुम्हीही करा, तो चढ ऑगस्टच्या दुपारी म्हाताऱ्या माणसांना चढवू नका.

संध्याकाळी रांब्ला नोव्हावर फिरायला निघालो. हा गावचा मुख्य रस्ता, मध्ये रुंद फूटपाथ, दोन्ही बाजूंना झाडं, सगळं गाव तिथे लेकराबाळांसकट येऊन बसतं. तिथे मध्येच एक ब्राँझचा मनोरा आहे, खऱ्या माणसाएवढी माणसं, खाली घट्ट दाटी करून उभी आणि वर वर थर, १९९९ साली बसवलाय. बाबा त्याच्यासमोर थांबले ते थांबलेच. त्यांनी खालच्या दाटीतला प्रत्येक हात कुठून कुठे गेलाय ते वाकून वाकून बघितलं. मग खिशातून फोन काढला, कारण २०२५ ची दहीहंडीही नेमकी १६ ऑगस्टलाच होती आणि दुपारपासून त्यांच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर व्हिडीओ पडत होते, ठाण्यात कोकण नगर पथकाने दहा थर लावले त्याचे. त्या ब्राँझच्या मनोऱ्याखाली उभं राहून आम्ही सहा जणांनी तो व्हिडीओ बघितला, शेजारून जाणारी दोन स्थानिक पोरंही थांबून बघायला लागली, त्यांना फक्त मुंबई हा शब्द कळला आणि त्यांनी बोटं दाखवून विचारलं, दहा? बाबा म्हणाले, दहा.

बाबा गिरगावात वाढले. ७० च्या दशकात ते तिथल्या एका पथकात होते, तिसऱ्या थराला. १९७८ मध्ये पडले आणि उजव्या बाजूचं गळ्याखालचं हाड मोडलं. शर्टाची गुंडी उघडी असली की ते वाकडं जुळलेलं हाड अजून दिसतं. आम्हाला लहानपणी ही गोष्ट एका वाक्यात सांगितली जायची, आजी तर विषय निघू द्यायची नाही.

रस्ता संपतो तिथे भूमध्य समुद्राचा सज्जा आहे, खाली एकदम कडा आणि समोर नुसतं निळं. त्या सज्ज्याच्या लोखंडी कठड्याला हात लावला की नशीब चांगलं राहतं असं इथली माणसं मानतात. सगळ्यांनी लावला, आईने दोन्ही हात लावले.

दिवस दुसरा, रविवार

रोमन तारागोना. आधी एक कामाची गोष्ट, इथली बहुतेक रोमन ठिकाणं सोमवारी बंद असतात, त्यामुळे शनिवार-रविवार धरून आलात तर रविवार सकाळ यासाठीच ठेवा आणि ऊन चढायच्या आत बाहेर पडा.

अँफिथिएटर दुसऱ्या शतकातलं, आणि त्याची जागाच अशी की मागे थेट समुद्र. प्रेक्षक पायऱ्यांवर बसले की समोर लढाई आणि पलीकडे पाणी. इथेच इ. स. २५९ मध्ये बिशप फ्रुक्तुओसुस आणि त्याच्या दोन साथीदारांना जिवंत जाळलं, नंतर ख्रिस्ती लोकांनी त्याच रिंगणात त्यांच्या आठवणीत चर्च बांधलं, मग बाराव्या शतकात त्याच्यावर अजून एक, त्यामुळे रिंगणाच्या मधोमध आज चर्चचे पाये दिसतात. मुक्ताला हे फार लागलं. ती त्या चर्चच्या अवशेषांकडे बघत बराच वेळ गप्प उभी होती आणि मग तिने विचारलं की लोक हे बघायला तिकीट काढून यायचे का. ओमला मात्र सिंह कुठल्या दारातून यायचे एवढंच हवं होतं.

तिथून रथांच्या शर्यतीचं मैदान, म्हणजे रोमन सर्कस. पहिल्या शतकाच्या शेवटी बांधलेलं, तीनशे मीटरहून लांब. हे तुम्हाला पूर्ण दिसतच नाही, कारण जुनं गाव त्याच्याच डोक्यावर वसलंय. पण जमिनीखालचे कमानीचे लांबलचक बोगदे शाबूत आहेत आणि बाहेर भाजून निघत असताना आत इतका गारवा की आई तिथून निघायला तयार नव्हती. नंतर जेवायला ज्या चौकात बसलो, प्लासा दे ला फोन्त, तो चौकच मुळात त्या शर्यतीच्या मैदानाचा तुकडा आहे, आजूबाजूच्या घरांच्या तळाला अजून रोमन कमानी आहेत. रथ धावायचे तिथे आता टेबलं मांडलीत आणि पोरं फुटबॉल खेळतात.

जेवणाचं शाकाहारी लोकांसाठी सांगते. पा आम्ब तोमाकेत म्हणजे पाव भाजून त्यावर टोमॅटो चोळून ऑलिव्ह तेल आणि मीठ, हे कुठेही मिळतं आणि मुलं पोटभर खातात. बटाट्याचं जाड ऑम्लेट अंडं खाणाऱ्यांना. एस्कालिवादा म्हणजे भाजलेली वांगी आणि लाल ढोबळी मिरची, आईने चाखून सांगितलं, भरताचंच आहे, फोडणी राहिली. आणि इथली खास चटणी रोमेस्को, बदाम, हेझलनट, सुकी लाल मिरची, लसूण, टोमॅटो सगळं वाटून. ती तिने वाटी पुसून खाल्ली. दुपारचं जेवण दीडच्या आत आणि रात्रीचं साडेआठच्या आत मागायला जाऊ नका, किचन उघडलेलं नसतं, लहान मुलं असतील तर पिशवीत खाऊ ठेवा.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर गावाबाहेरचा पोन्त देल दियाब्ले, सैतानाचा पूल. हा खरं तर पाणी आणायचा रोमन कालवा, दरीवरून नेलेला, २१७ मीटर लांब आणि २७ मीटर उंच, कमानींच्या दोन रांगा, खाली ११ आणि वर २५, आणि दगडांच्या मध्ये चुना नाही, माती नाही, नुसते एकावर एक बसवलेले. तिकीट नाही, आजूबाजूला पाइनचं रान आहे. वरच्या पन्हळीतून, जिथून पाणी जायचं, तिथून चालत पलीकडे जाता येतं, दोन्ही बाजूंना कमरेएवढी भिंत आहे तरी लहान मुलांचा हात धरून न्या. गोष्ट अशी सांगतात की सैतानाने पूल बांधून द्यायचं कबूल केलं, बदल्यात इथलं पाणी जो पहिला पिईल त्याचा आत्मा त्याला, तर गावकऱ्यांनी पहिलं पाणी गाढवाला पाजलं. ओमने ही गोष्ट रात्री झोपेपर्यंत तीनदा सांगायला लावली.

दिवस तिसरा, सोमवार

पोर्टअव्हेंचुरा. याबद्दल मी थोडक्यात लिहिते कारण माहिती सगळीकडे आहे. १९९५ मध्ये सुरू झालेलं पार्क, सालोउ आणि विला-सेका या दोन गावांच्या हद्दीत, तारागोनापासून गाडीने पंधरा-वीस मिनिटं. मी दोन्ही मुलांना घेऊन गेले, निखिल आई-बाबांना घेऊन समुद्रावर गेला आणि हा निर्णय शंभर टक्के बरोबर ठरला. सत्तरीच्या माणसांना इथे दिवसभर उन्हात बाकावर बसवून ठेवणं बरोबर नाही, कितीही सोबत राहावंसं वाटलं तरी.

मुलांना आणायच्या आधी घरी उंची मोजा. मोठे रोलर कोस्टर, म्हणजे ड्रॅगन खान आणि शंभाला, यांना १ मीटर ४० सेंटीमीटर लागते. मुक्ता १४८, ती दोन्हीत बसली. शंभाला ७६ मीटर उंच आहे आणि ताशी १३४ किलोमीटरने खाली येतो, ड्रॅगन खान आठ वेळा उलटा करतो. ती उतरली तेव्हा तिचे हात थंडगार होते आणि ती लगेच परत रांगेत जाऊन उभी राहिली. शेजारीच फेरारी लँड आहे, २०१७ चं, त्यातला रेड फोर्स ११२ मीटर उंच, पाच सेकंदांत ताशी १८० वर जातो, त्याला वेगळं तिकीट लागतं, ते आम्ही घेतलं नाही. ओम १२९ भरला. त्याचा चेहरा पडला, पण लाकडाचा स्टँपिडा १२० वाल्यांना चालतो, तो त्याने चारदा केला, लाकूड असं कडाकडा वाजतं की खाली उभं राहूनही पोटात येतं. पाण्याच्या राइड दुपारसाठी ठेवा आणि कपड्यांचा एक जोड न्या. दुपारी दीडदोनला, स्थानिक माणसं जेवायला बसली की रांगा थोड्या आटतात, आमचं सगळं मोठं त्या तासा-दीड तासात झालं.

परत आलो तर आई-बाबा खिडकीत बसले होते आणि बाबांनी फोनवर उद्याच्या कार्यक्रमाचं पत्रक उघडून ठेवलं होतं, कॅटलानमधलं, एक अक्षर कळत नसताना.

दिवस चौथा, १९ ऑगस्ट, सांत माजी

याच दिवसासाठी मी हे सगळं लिहायला बसले.

सांत माजी म्हणजे पाण्याचा संत. त्याच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी दरवर्षी गाड्यांमधून गावात आणतात आणि लोक ते घरी नेतात. जुन्या गावाच्या गल्ल्यांत ढोल, मोठमोठाले राक्षस-राणीचे पुतळे नाचवत नेणारी माणसं, गॅलऱ्यांतून चादरी आणि पताका सोडलेल्या. आईला हे सगळं अगदी ओळखीचं वाटलं, तिने एका आजीबाईंबरोबर ओळीत उभं राहून घोटभर पाणी घेतलं, कपाळाला लावलं आणि मग प्यायली.

आणि मग कॅथेड्रलजवळच्या चौकात कास्तेल. कास्तेल म्हणजे किल्ला, आणि माणसांच्या मनोऱ्याला इथे तेच म्हणतात. दोनशेहून जास्त वर्षांची परंपरा, उगम जवळच्याच वाल्स गावाचा, २०१० मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं. पथकाला कोल्या म्हणतात, तारागोनात अशी चार आहेत, प्रत्येकाच्या शर्टाचा रंग वेगळा, पँट सगळ्यांची पांढरी आणि कमरेला लांबच लांब काळं कापड, फाइशा.

ते कापड गुंडाळणं आम्ही दोन हातांवरून बघितलं. एक जण त्याचं टोक घट्ट ताणून धरतो आणि दुसरा स्वतःभोवती गिरक्या घेत घेत त्याच्याकडे येतो, प्रत्येक गिरकीला श्वास सोडून पोट आत घेतो, शेवटी टोक आत खोचतो. त्याने कंबर आवळली जाते, पाठीला आधार मिळतो, आणि वर चढणारा त्याच कापडाच्या कडेवर अनवाणी पायाचा अंगठा रोवून चढतो. एका बारा-तेरा वर्षांच्या मुलीचं कापड तिचे आजोबा धरून उभे होते. बाबा बघत राहिले, म्हणाले, "आम्ही नुसती बनियनवर चढायचो ग. हे असतं तर पाठी वाचल्या असत्या किती जणांच्या."

खालच्या दाटीला पिन्या म्हणतात. त्यात शेकडो माणसं, बायका, म्हातारे, कॉलेजची पोरं, सगळे मधल्या खांबाकडे तोंड करून पुढच्याच्या पाठीवर हात दाबून धरतात, म्हणजे दाब आत जातो आणि वरून कोणी पडलं तर ते माणसांवर पडतं, दगडावर नाही. चढायला सुरुवात झाली आणि थरांनी आकार घेतला की ग्राल्या वाजायला लागते, सनईच्या जातीचं वाद्य, आवाज तिखट. ती उगीच वाजत नाही. पिन्यातल्या माणसांची डोकी खाली असतात, त्यांना वर काय चाललंय ते दिसत नाही, कुठवर पोचलं ते त्यांना सुरावरून कळतं. सगळ्यात वर जाते ती एन्शानेता, सहा-सात-आठ वर्षांची पोर, डोक्याला हेल्मेट, ती टोकावर पाय टाकून एका बाजूने जाते, हात वर करते आणि दुसऱ्या बाजूने उतरायला लागते. तो हात वर झाला की कास्तेल लागला. पण काम तिथे संपत नाही, एकेक थर सावकाश उतरवून सगळे जमिनीवर आले तरच तो पूर्ण धरतात, उतरताना कोसळला तर मान कमी.

बाबांना हाच नियम सगळ्यात जास्त लागला. आपल्याकडे हंडी फुटली की संपलं, मग पाण्याच्या माऱ्यात थर कोसळतात आणि नाचायला सुरुवात. ते पडले होते तेही हंडी फुटल्यावरच. आपल्याकडे आता १४ वर्षांखालच्या मुलांना थरावर चढवायला मनाई आहे आणि ती योग्यच आहे असं माझं मत, इथे लहान पोरं चढतात ते बघताना माझ्या पोटात गोळा येत होता, ते मी लपवणार नाही. पण ती पोरं वर्षभर सराव करतात, हेल्मेट असतं, आणि खाली ती गादीसारखी पसरलेली माणसं असतात, हेही डोळ्यांनी बघितलं.

एक प्रसंग सांगते. एका पथकाचा आठ थरांचा कास्तेल चढत होता, चारचार जणांचा. पाचवा थर उभा राहिला, सहावा चढायला लागला आणि खालच्या माणसांचे पाय थरथरायला लागले, आम्हाला लांबून पोटऱ्या दिसत होत्या, कापडासारख्या हलत होत्या. त्यांची प्रमुख एक बाई होती, पिन्याच्या कडेला उभी राहून वर बघत ओरडून सूचना देत होती. तिने दोन शब्द ओरडले आणि वर गेलेली पोरं जिथे होती तिथून खाली यायला लागली. सगळा चौक चिडीचूप. एकेक थर उतरला, शेवटचा माणूस खाली आल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या, लागलेल्या कास्तेलला वाजवतात तितक्याच जोरात. बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, "आम्हाला असं खाली या म्हणायची कुणाची छातीच नव्हती. सगळी वाडी बघायची ना."

पुढच्या वेळी त्याच पथकाने सात थरांचा लावायला घेतला आणि पिन्याच्या बाहेरच्या कड्यात माणसं कमी पडत होती. बघणाऱ्यांना बोलावतात अशा वेळी, ही इथली रीतच आहे. साठीचे एक गृहस्थ आमच्याकडे वळून हाताने या या करायला लागले. मी नको म्हणायच्या आत बाबा पुढे गेले, चष्मा काढून माझ्या हातात दिला, घड्याळ दिलं. मी त्या गृहस्थांना मोडक्या स्पॅनिशमध्ये खांद्याचं सांगितलं, त्यांनी बाबांच्या गळ्याखालच्या हाडाकडे बघितलं, मान हलवली आणि त्यांना अगदी बाहेरच्या कड्यात उभं केलं, उजवा हात खाली, फक्त डावा तळवा पुढच्या मुलाच्या पाठीवर, आणि स्वतः त्यांच्या मागे उभे राहून दोन्ही हात बाबांच्या पाठीला लावले. डोकं खाली करा, असं खुणेने सांगितलं. निखिल आणि मुक्ताही शेजारी जाऊन लागले. मी आई आणि ओमला घेऊन बाहेर. आई पदर तोंडाशी धरून उभी होती. ग्राल्या सुरू झाली. मला बाबांचं फक्त टक्कल आणि वाकलेली मान दिसत होती. वर त्या पोरीने हात वर केला, चौक ओरडला, आणि तरी पिन्या हलली नाही, बाबाही हलले नाहीत, सगळा उतरेपर्यंत तसेच.

बाहेर आले तेव्हा घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, तळवा लाल. ओम धावत जाऊन विचारतो, आजोबा, किती थर होते, दिसले का? म्हणाले, "मला कुठले दिसतायत. त्या पिपाणीने सांगितलं."

रात्री त्यांनी त्या मित्रांच्या ग्रुपवर फोटो टाकला. त्यातले एक काका, बाबांच्या वेळी दुसऱ्या थराला असायचे, त्यांनी लगेच फोन केला, आणि दोघं पाऊण तास बोलत होते.

दिवस पाचवा, बुधवार

भाड्याची गाडी घेऊन एब्रोच्या डेल्टात. हायवेला आता टोल नाही, ऐंशीएक किलोमीटर, तास पुरतो. डेल्टा सुमारे ३२० चौरस किलोमीटर आहे, समुद्रात घुसलेलं बाणाचं टोक जसं, आणि त्यातला मोठा भाग नुसता भात. हायवे सोडला आणि डोंगर मागे पडले, दोन्ही बाजूंना सपाट हिरवंगार, बांध, बांधावरून सायकली, पाण्यात उभे बगळे. आईने काच खाली केली आणि म्हणाली, गाडी थांबव.

ती उतरून बांधावर उकिडवी बसली, गुडघे विसरून. एक लोंबी हातात घेतली, न तोडता, दाणा नखाने दाबून बघितला. दूध भरलंय, म्हणाली, अजून तीन आठवडे तरी. कापणी इथे सप्टेंबरात असते, म्हणजे तिचा अंदाज बरोबर होता. लावणी करत नाहीत का रोप रोप, हा तिचा पहिला प्रश्न. पूर्वी हातानेच करायचे, आता बी सरळ पाण्यात पेरतात, एप्रिल-मे मध्ये. मग तिने पाण्यात बोट घालून जिभेला लावलं. गोडं.

मग तिला सगळं समजावून सांगायची गरजच उरली नाही, उलट तीच आम्हाला सांगायला लागली. ही जमीन मुळात खारी. नदीचं गोडं पाणी कालव्याने आणून महिनोन्‌महिने शेतात उभं ठेवतात, त्याच्या वजनाने खार खाली दबून राहतो, भात हेच इथलं औषध आहे जमिनीचं. उजव्या काठाचा कालवा एकोणिसाव्या शतकातला, डाव्याचा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, त्याआधी इथे दलदलच होती. कालव्याच्या तोंडाची लाकडी-लोखंडी दारं बघून ती म्हणाली, ही उघाडी. पेणकडे खाडीच्या बांधात तशीच असते, भरतीला बंद आणि ओहोटीला उघडी.

पोब्लेनोउ नावाचं छोटं पांढरं गाव आहे, तिथून जवळ एनकान्यिसादाचं तळं, डेल्टातलं सगळ्यात मोठं. काठावर कासा दे फुस्ता, शिकाऱ्यांसाठी बांधलेलं लाकडी घर, आता नैसर्गिक उद्यानाचं माहितीकेंद्र. तिथल्या मचाणावरून रोहित पक्षी दिसले, आधी गुलाबी रेघ वाटली, मग रेघ हलली. दुर्बीण न्या. आणि डासांचं औषध तर नक्कीच न्या, संध्याकाळी अक्षरशः खातात.

मुलांसाठी सगळ्यात छान ठिकाण मोनातुरा डेल्टा, जुन्या मिठागराच्या जागेवर आहे. मीठ कसं पिकतं, पक्षी, मासेमारीची जाळी, सगळं हात लावून बघायचं. तिथे सपाट बुडाची होडी लांब काठीने रेटत न्यायला मिळते, आधी मुक्ताला जमेना, होडी गोल गोल फिरत होती. आजीने काठावरून सांगितलं, काठी मागे रोव, सरळ, आणि तिच्यावर रेलून चाल. तिसऱ्या खेपेला गेली सरळ. आईचे मामा मिठागरावर होते, कोंडी, फळी, मिठाची रास, हे सगळे शब्द मी तिच्या तोंडून इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकले.

दुपारी त्राबुकादोर. वाळूची अरुंद पट्टी, काही किलोमीटर लांब, एका बाजूला उघडा समुद्र आणि दुसऱ्या बाजूला शांत खाडी जिच्यात काठापासून बरंच आत गेलं तरी पाणी गुडघ्याएवढंच. लहान मुलांसाठी मी याहून सुरक्षित पाणी बघितलं नाही. सावली मात्र कणभर नाही, छत्री न्या. ही पट्टी जानेवारी २०२० च्या ग्लोरिया वादळात तुटली होती, समुद्र आत शिरून हजारो एकर भातशेती खाऱ्या पाण्याखाली गेली. साठच्या दशकात एब्रोवर वर मोठी धरणं झाली, गाळ तिथेच अडतो, डेल्टाला नवी माती मिळत नाही आणि समुद्र दरवर्षी थोडं थोडं घेतोय. आईला मी हे सांगितलं तर ती बराच वेळ वाळूवर बसून होती. तिच्या माहेरी बांधाला खांड पडली आणि वेळेत बुजवली गेली नाही, त्या जागी आता खारफुटी आहे. दोन एकर होतं आजोबांचं. "ह्यांनी बुजवली का लगेच?" तिने विचारलं. हो, वाळूची पट्टी परत उभी केली. ती हं म्हणाली.

जेवायला आर्टिचोक घातलेला भाताचा पसरट तवा मागवला, आधी विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी रस्सा मासळीचा असतो. निघताना गिरणीच्या दुकानातून बोंबा तांदूळ घेतला, कापडी पिशवीतला. दाणा आखूड, गोल, पण इंद्रायणीसारखा चिकट होत नाही, रस्सा पिऊन फुगतो.

रात्री अपार्टमेंटवर आईने त्याचाच भात लावला, वरणाची तूरडाळ श्टुटगार्टहून आणलेली होती. नेहमीच्या अंदाजाने दुप्पट पाणी घातलं तर दाणा कच्चाच, अजून घालावं लागलं, जवळजवळ तिप्पट. मग झाला. वरण, तूप, लिंबू, आणि बाजूला उरलेली रोमेस्को. बाबा डाव्या हाताचा तळवा अजून चोळत होते.

उरलेली दुसरी किलोची पिशवी तिने उघडू दिली नाही. ती ऑक्टोबरात पेणला जाणार आहे, माझ्या मामाकडे. हाताने सांडलेले दाणे पहिल्या पिशवीत सारत म्हणाली, त्याला दाखवायचंय, समुद्राच्या इतक्या जवळचा आहे म्हणून.